आई-बाबांना घेऊन एका दिवसात स्ट्रासबुर्ग: यादीतलं काय ठेवावं, काय गाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६८ वर्षांच्या, बाबा ७२. मे अखेरीस दोघं स्टुटगार्टला तुमच्या भावाकडे येणार आहेत आणि तिथून एक दिवस स्ट्रासबुर्ग करायचं आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई शाकाहारी. तुम्ही दहा ठिकाणांची यादी काढली आहे: कॅथेड्रल, त्याचा मनोरा, खगोलीय घड्याळ, कामरझेल हाउस हे जुनं घर, रोहाँ राजवाडा, दोन संग्रहालयं, पतित फ्राँस (म्हणजे ‘छोटं फ्रान्स’ नावाचा जुना मोहल्ला), बोटीची फेरी आणि युरोपियन संसद. शेवटी ‘जमलं तर कोल्मार’, म्हणजे त्याच भागातलं दुसरं गाव. यातलं काय गाळू, असं विचारलं आहे.

मी केलमध्ये राहते, म्हणजे ऱ्हाईनच्या जर्मन काठावर. भारतातून आलेल्या पाहुण्यांना पलीकडचं हे फ्रेंच शहर दाखवणं हा माझा व्यवसाय आहे. तुमच्या आई-बाबांच्या वयाचे पाहुणे माझ्याकडे सर्वांत जास्त असतात. मुलं-सुना सहसा बरोबर येत नाहीत, त्यांचं स्ट्रासबुर्ग आधीच चार वेळा बघून झालेलं असतं.

खरं सांगायचं तर तुमच्या यादीची अडचण तिची लांबी नाही. जुनं शहर ईल नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर बसलेलं आहे आणि ते लहान आहे. धावतपळत दहाही ठिकाणं होतील. अडचण अशी की संसद आणि कोल्मार सोडलं तर यादीतलं सगळं याच बेटावर आहे आणि एकच गोष्ट सांगतं: लाकडी चौकटींची सुंदर घरं, कुंड्या, कालवे. दुपारी तीनपर्यंत बाबा म्हणणार, ‘सगळं सारखंच दिसतंय.’ आणि हे शहर असं अर्धं जर्मन, अर्धं फ्रेंच का दिसतं याचं उत्तर देणारी एकही जागा त्या यादीत नाही.

म्हणून माझं मत: मनोरा, संसद, दोन्ही संग्रहालयं आणि कोल्मार गाळा. रोहाँ राजवाडा आणि कामरझेल हाउस बाहेरूनच बघा. वाचलेल्या वेळात यादीत नसलेल्या दोन जागा घाला. एक रेपुब्लिक चौकातलं युद्धस्मारक, दुसरी ऱ्हाईनवरचा पादचारी पूल.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. बाबांना सपाट रस्त्यावर चालताना त्रास होतो की फक्त पायऱ्यांचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सपाटीवर ठीक असतील तर पुढचा सगळा दिवस जमेल, फक्त गल्ल्यांत दगडी फरशा आहेत तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. वीस मिनिटांतच बसावं लागत असेल तर दिवसाचा निम्मा भाग बोट आणि ट्राममध्ये घालवा आणि त्यात काही कमी झालं असं मानू नका. दुसरी गोष्ट म्हणजे वार. मे महिन्यात फ्रान्सला सुट्ट्या फार: १ मे, ८ मे, बहुधा असेन्शन आणि मे अखेरीस कधीकधी पेंटेकॉस्टचा सोमवारही (हे दोन्ही ईस्टरनंतरचे ख्रिस्ती सण). त्या दिवशी दुकानं बंद आणि गल्ल्या तुडुंब. रविवारी घड्याळाचा कार्यक्रम दाखवत नाहीत. मंगळवार ते शुक्रवारमधला साधा दिवस मिळाला तर तोच घ्या.

आता दिवसाचा क्रम. तो मी घड्याळाभोवती बांधते, कारण त्या दिवसात घड्याळ हीच एक गोष्ट अशी आहे जी तुमच्यासाठी थांबत नाही. कॅथेड्रलच्या आतलं हे यंत्र जाँ-बातिस्त श्विल्गे यांनी १८४२ मध्ये सुरू केलं. त्याच्याआधी इथे दोन घड्याळं होऊन गेली, पहिलं चौदाव्या शतकातलं. दुपारी साडेबाराला बारा शिष्य येशूसमोरून जातात, कोंबडा तीनदा आरवतो, आणि खाली बालक, तरुण, प्रौढ, म्हातारा असे आयुष्याचे चार टप्पे मृत्यूच्या समोरून सरकतात. बाराचा खेळ साडेबाराला का, असं बाबा नक्की विचारतील: घड्याळ शहराच्या जुन्या स्थानिक वेळेवर लावलेलं आहे आणि ती आजच्या अधिकृत वेळेच्या साधारण अर्धा तास मागे आहे. लीप वर्षाचे सगळे नियम आणि दरवर्षी बदलणारी ईस्टरची तारीख हे यंत्र दातेरी चाकांवर काढतं. बाबा यंत्रांशी संबंधित नोकरीतून निवृत्त झालेले असतील तर त्यांना तिथून हलवणं अवघड जाईल.

या कार्यक्रमाला वेगळं तिकीट लागतं आणि त्या वेळेत बाकीच्यांना कॅथेड्रलमध्ये प्रवेश बंद असतो. म्हणून स्टुटगार्टहून सकाळची वेगवान गाडी पकडा, सुमारे एक तास वीस मिनिटांत पोहोचते, आणि दहाच्या आसपास कॅथेड्रल मोकळेपणी बघून घ्या. तेव्हा प्रवेश फुकट असतो. गुलाबी दगड व्होज डोंगरातला वालुकाश्म आहे. शिखर १४३९ मध्ये पूर्ण झालं. उंची १४२ मीटर, आणि १६४७ ते १८७४ ही इमारत जगात सर्वांत उंच होती. दुसरा मनोरा कधी बांधलाच गेला नाही, त्यामुळे समोरून ती एका खांद्याची दिसते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, हे शिखर समतेच्या विरोधात आहे म्हणून पाडायची मागणी झाली होती. शहरातल्या लोकांनी त्यावर पत्र्याची प्रचंड लाल क्रांतिकारी टोपी चढवली आणि शिखर वाचवलं. मनोऱ्यावर जायला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, म्हणून तो गाळा म्हणते. घड्याळासमोर अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं, तेवढी ताकद राखून ठेवा.

पावणेएकला बाहेर पडलात की थेट जेवायला. इथे भारतातून आलेल्यांची हमखास फसगत होते: फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन एवढंच चालू असतं, मग थेट संध्याकाळी सातच्या सुमारास. ‘थोडं फिरून अडीचला जेवू’ असं ठरवलंत तर सँडविचवर भागवावं लागेल. एकच्या सुमाराची जागा आधी राखून ठेवा.

आईंच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण आल्झासचं, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या या प्रांताचं, जेवण डुकराच्या मांसाभोवती फिरतं आणि ते दिसत नाही तिथेही असतं. तार्त फ्लांबे, म्हणजे पातळ लाटलेल्या पिठावर साय, मऊ चीज आणि कांदा घालून भाजलेला पदार्थ, त्यांना आवडेल. पण नेहमीच्या प्रकारात बेकनचे बारीक तुकडे असतातच. ऑर्डर देताना ‘साँ लार्दाँ’, म्हणजे बेकनशिवाय, असं स्पष्ट म्हणा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर एखादा भला वाढपी मासे सुचवतो. पारंपरिक जागी हा पदार्थ कधीकधी संध्याकाळीच मिळतो, तेव्हा जागा राखतानाच विचारा. कांद्याच्या तार्तमध्ये अंडं असतं आणि बहुतेक वेळा बेकनही. श्पेट्झल शेवयांत अंडं असतंच. खारट कुगेलहोफमध्ये बेकन घालतात आणि गोडातल्या मनुका कधी मद्यात भिजवलेल्या असतात. ब्रेत्झेल साधारण निर्धोक, पण काही बेकऱ्या पिठात चरबी घालतात, एकदा विचारलेलं बरं. चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. आईंना तेही चालत नसेल तर आल्झासच्या मुन्स्टर चीजपासून दूर राहा.

मे महिन्याचा फायदा मात्र मोठा आहे. पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम चालू असतो आणि त्या दिवसांत आल्झासमधल्या जवळजवळ प्रत्येक पाटीवर ते दिसतात. सोबत हॅम येतं, ते नको म्हणून सांगायचं. बरोबरच्या सॉसपैकी मेयोनेज आणि हॉलंडेजमध्ये अंडं असतं, व्हिनेग्रेतमध्ये नसतं. उकडलेले बटाटे, शतावरी, व्हिनेग्रेत आणि पाव: आईंचं जेवण झालं. तरी पिशवीत दोन थेपले असू द्या. माझ्या अनुभवात ते दुपारी बाबाच खातात.

जेवणानंतर बोट. ती रोहाँ राजवाड्याजवळच्या धक्क्यावरून सुटते आणि सुमारे सत्तर मिनिटं फिरवते. जेवण आणि उभं राहणं झाल्यावर बसायला मिळतं हे एक कारण. दुसरं असं की बोट पतित फ्राँसमधल्या जलपाशातून वर चढते, मग बेटाला वळसा घालून युरोपियन संसदेपर्यंत जाऊन परत येते. १९९९ ची ती काचेची गोल इमारत आणि रिचर्ड रॉजर्स यांनी आराखडा केलेलं मानवी हक्क न्यायालय हे दोन्ही पाण्यावरूनच उत्तम दिसतात. संसदेच्या आत जाण्यात सुरक्षा तपासणी धरून अर्धा दिवस जातो, आणि अधिवेशन नसेल तर रिकाम्या खुर्च्या बघायला मिळतात. म्हणून गाळा. (मुक्काम करायचं ठरलं तर मात्र अधिवेशनाचे आठवडे बघून टाळा. वर्षात बारा अधिवेशनं इथे होतात आणि त्या रात्री हॉटेलांचे दर पार बदलतात. केलमध्ये तेव्हाही परवडण्यासारखी खोली मिळू शकते.)

बोटीतून उतरल्यावर पतित फ्राँसमध्ये हळूहळू जा. घरांची उतरती छपरं बघा, खाली माळ्यांना उघड्या फटी आहेत. तिथे चामडी वाळत घालत, हा चांभारांचा आणि चामडं कमावणाऱ्यांचा मोहल्ला होता, आणि वासही तसाच असणार. ‘छोटं फ्रान्स’ हे गोड नावही तितकं गोड नाही. इथे गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या रोग्यांचं इस्पितळ होतं आणि त्या रोगाला तेव्हा ‘फ्रेंच रोग’ म्हणत. पुढे व्होबाँ या लष्करी अभियंत्याचं धरण लागतं. १६८६ ते १६९० दरम्यान बांधलेलं. पाणी अडवायला नव्हे, शत्रू आला तर दारं बंद करून शहराच्या दक्षिणेची शेतं बुडवायला. वरच्या गच्चीवरून सगळं बेट दिसतं आणि पैसे पडत नाहीत. पायऱ्या आहेत, बाबांचं त्या वेळी बघून ठरवा.

इथवर बहुतेक लोकांचं स्ट्रासबुर्ग संपतं. माझ्या मते इथे ते सुरू होतं.

आत्तापर्यंत जी नदी बघितली ती ईल आहे. ऱ्हाईन कॅथेड्रलपासून काही किलोमीटर पूर्वेला आहे. जुन्या काळी ती इतक्या फाट्यांनी पसरायची आणि पात्र बदलायची की शहर तिच्या काठावर नव्हे, शेजारच्या शांत नदीवर वसवलं. रोमनांनी इथे इसवी सनापूर्वी १२ मध्ये अर्जेन्तोरातुम नावाची लष्करी छावणी टाकली. १८१७ पासून कार्ल्सरूहचे अभियंता योहान गॉटफ्रीड टुल्ला यांच्या योजनेनं ऱ्हाईन सरळ केली, तेव्हा कुठे तिच्याजवळ बिनधास्त राहता येऊ लागलं.

चौदाव्या लुईनं १६८१ मध्ये हे शहर घेईपर्यंत ते पवित्र रोमन साम्राज्यातलं, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यांच्या साम्राज्यातलं, स्वतंत्र शहर होतं. १८७० च्या वेढ्यात जर्मन तोफांनी त्याचं ग्रंथालय जाळलं, १८७१ मध्ये शहर जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि २३ नोव्हेंबर १९४४ ला पुन्हा फ्रान्सकडे. १८७० मध्ये जन्मलेल्या आणि पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाचं राष्ट्रीयत्व घर न सोडता चार वेळा बदललं. सीमाभाग म्हटलं की आपल्याला बेळगाव-निपाणी आठवतं, पाट्या कुठल्या भाषेत यावरून झालेली भांडणं आठवतात. इथे जुन्या शहरातल्या रस्त्यांच्या पाट्या बघा: वर फ्रेंच, खाली आल्झासची बोली. ही मुभा सहज मिळालेली नाही. १९४० नंतर नाझींनी फ्रेंचवर बंदी घातली आणि युद्धानंतर शाळांनी बोली बोलणाऱ्या पोरांना शिक्षा केल्या.

म्हणून पतित फ्राँसनंतर कॉफी घ्या आणि ट्रामनं रेपुब्लिक चौकात या. ब्रोग्ली चौकातूनही पूल ओलांडून चालत येता येतं, तो रस्ता छान आहे. ब्रोग्ली चौकाच्या परिसरातच एप्रिल १७९२ मध्ये महापौर दीत्रिश यांच्या सांगण्यावरून रुजे द लिल या अधिकाऱ्यानं ऱ्हाईनच्या सैन्यासाठी एक युद्धगीत रचलं. आज ते फ्रान्सचं राष्ट्रगीत आहे. नाव मात्र मार्सेयच्या स्वयंसेवकांवरून पडलं, कारण ते गात ते पॅरिसमध्ये शिरले. पूल ओलांडताच शहर एकदम बदलतं: रुंद रस्ते, जाड दगडी इमारती, कैसरसाठी, म्हणजे जर्मन सम्राटासाठी, बांधलेला राजवाडा. हे १८७१ नंतरचं जर्मन ‘नवं शहर’. युनेस्कोच्या यादीत बेट १९८८ मध्ये आलं, या भागाला २०१७ पर्यंत थांबावं लागलं. कोणी बांधलं यावरून एखादी इमारत आवडायची की नाही हे ठरवणं सोडायला एवढा वेळ लागला.

चौकाच्या मध्ये १९३६ चं स्मारक आहे. एक आई, तिच्या मांडीवर दोन मरणारे मुलगे. एक फ्रान्ससाठी लढलेला, एक जर्मनीसाठी. दोघंही नग्न आहेत, कारण गणवेश घातला असता तर कोणता हे ठरवावं लागलं असतं. खाली ‘आमच्या मृतांना’ एवढंच लिहिलं आहे, कोणत्या देशासाठी ते नाही. सहा वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, नाझींनी आल्झास आणि शेजारच्या मोझेलमधल्या तरुणांना सक्तीनं जर्मन सैन्यात भरती करायला सुरुवात केली. अशी सुमारे १,३०,००० मुलं गेली. पाहुण्यांना हे सांगितल्यावर मी पाच-दहा मिनिटं गप्प बसते. चौकात जिंकगोच्या झाडांखाली बाकं आहेत.

मग पूल. ओम द फेर या मोठ्या थांब्यावरून डी ट्राम घ्या. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात छापून मगच चढा. दोन-तीन जणांना मिळून २४ तासांचं एकच तिकीटही असतं. बाबा थकले नसतील तर पोर द्यु ऱ्हँ थांब्यावर उतरून बागेतून पादचारी पुलाकडे चालत जा. मार्क मिम्राम यांनी आराखडा केलेला हा पूल २००४ चा. त्याच्या दोन वाटा आहेत, एकीला पायऱ्या, दुसरी उताराची, आणि नदीच्या मध्यावर दोन्ही एका चौथऱ्यावर भेटतात. सीमा तिथेच कुठेतरी पाण्यात आहे. मे अखेरीस सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे सातला पोहोचलात तरी भरपूर उजेड असतो. थकले असतील तर उतरूच नका. २०१७ पासून ट्राम थेट नदी ओलांडून केलपर्यंत येते, बसल्या जागी ऱ्हाईन दिसते.

केल बघण्यासारखं फार नाही, माझं गाव असलं तरी. स्वस्त किराण्यासाठी आलेले फ्रेंच लोक आणि सिगारेटची दुकानं हीच त्याची बाजारपेठ. पण युद्धानंतर हे गाव फ्रेंचांच्या ताब्यात होतं, इथले लोक टप्प्याटप्प्यानं परतले आणि शेवटचा भाग १९५३ मध्ये जर्मनीला मिळाला. तिथे आता ट्राम दर थोड्या वेळानं ये-जा करते.

कागदपत्रांचं: शेंगेन व्हिसावर जर्मनीतून फ्रान्समध्ये जाणं म्हणजे व्हिसाच्या हिशेबानं बाहेर जाणं नव्हे, एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी चालतो. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि ट्राममध्येही पोलीस चढतात. दोघांचे मूळ पासपोर्ट बरोबर हवेतच, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो नको. भाऊ गाडीनं आणणार असेल तर शहरात शिरू नका, बाहेरच्या ‘पी प्लस आर’ वाहनतळावर ठेवा. त्या तिकिटात गाडीतल्या सगळ्यांचा ट्रामप्रवास धरलेला असतो.

परतीचं आधीच ठरवा. वेगवान गाड्या केलला सहसा थांबत नाहीत, तेव्हा तिचं तिकीट असेल तर पुलावरून ट्रामनं परत स्ट्रासबुर्ग स्टेशनला यावं लागेल. भावाकडे आणि पाहुण्यांकडे डॉइचलांड-टिकेट (जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) असेल तर केल स्टेशनवरून लोकल गाडीनं ऑफेनबुर्ग आणि कार्ल्सरूहमार्गे घरी जाता येतं. वेळ बराच जास्त लागतो, गाड्या बदलाव्या लागतात. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी पहिला पर्याय घेईन. आणि दिवसभर पाऊस लागला तर स्मारक आणि पूल ट्राममधून बघून त्याऐवजी रोहाँ राजवाड्यातलं एक संग्रहालय घ्या, फक्त त्याचा सुट्टीचा वार आधी तपासा, सगळ्या संग्रहालयांचा तो एकच नसतो. बाबांना पायऱ्यांचा त्रास आहे की चालण्याचा, ते कळवा, म्हणजे जेवणाच्या जागेपासून धक्क्यापर्यंतचा रस्ता कोणता घ्यायचा ते सांगते.